नऊ छर्रे

निकाह शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर ठरला होता, आणि बुधवार उजाडला तरी खैरुद्दीनला हाक काय मारायची हेच जैनबला सुचत नव्हतं.

लग्न होऊन ती दाभोळच्या घरात आली तेव्हा तो नुकतं मिसरूड फुटलेला धाकटा दीर होता. ‘खैरू, दोन घागरी पाणी आण’, ‘खैरू, चपला बाहेर काढ’, असं ती त्याला दिवसातून वीसदा सांगायची. आता तो आफ्रिकेहून दुबईला आला होता. दाढी वाढलेली, उन्हाने रापलेला, बोलणं मोजकं. तीन दिवस दोघं एकाच घरात वावरत होती आणि नाव न घेता बोलत होती. ‘चहा ठेवलाय.’ ‘पाणी संपलंय वाटतं.’ थोरली जाऊ रशीदा हे बघून तोंडाला पदर लावायची.

“आता ‘अहो’ म्हणायला शीक, बाय,” ती म्हणायची. “तू-तुकार चालायचं नाही.”

जैनबला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. तिचा नवरा याकूब जाऊन तीन वर्षं झाली होती. केनियात एका शिकारी कंपनीत दोघे भाऊ नोकरीला होते. अमेरिकेहून, विलायतेहून पैसेवाले पाहुणे सिंह आणि बिबटे मारायला यायचे. त्यांच्या तळाची सगळी व्यवस्था याकूब बघायचा, खैरुद्दीन लॉऱ्या दुरुस्त करायचा. एक दिवस दुबईला थोरल्या भावाच्या, नूरुद्दीनच्या दुकानावर खैरुद्दीनचं पत्र आलं: जखमी बिबट्याने याकूबला मारलं. नूरुद्दीन पहिल्या बोटीने दाभोळला गेला, आईला आणि भावजयीला त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि चाळिसाव्यानंतर दोघींना आणि जैनबच्या लहानग्या शहनाझला घेऊन दुबईतल्या देऱ्याला परतला. आता त्यानेच हे लग्न ठरवलं होतं. घरातली मुलगी घरात राहील, पोरीला बाप मिळेल. सगळ्यांना पटलं होतं. जैनबलाही ‘नाही’ म्हणायला काही कारण सापडलं नव्हतं.

खैरुद्दीन मोंबासाहून लाकडं घेऊन येणाऱ्या गलबतातून आला होता. सोबत एक पत्र्याची ट्रंक. ती त्याने कुणाला उघडू दिली नव्हती. पण नवऱ्या मुलाचे कपडे कुबट वासाचे नकोत म्हणून बुधवारी दुपारी त्याच्या आईने, मैमुनाबींनी, त्याची वाट न बघता ट्रंक उघडली. वर चार सदरे होते. खाली, सुती चादरीत गुंडाळलेलं, बिबट्याचं कातडं.

रशीदाने ते अंगणात पसरलं. खैरुद्दीन मशिदीतून परतला तेव्हा तिघी बायका आणि शहनाझ कातड्याभोवती उभ्या होत्या.

“हाच का तो?” मैमुनाबींनी विचारलं.

खैरुद्दीन उंबऱ्यातच थांबला. “हाच, अम्मा.”

म्हातारीने पायातली चप्पल काढली आणि कातड्यावर हाणली. एकदा, दोनदा, मग जोर संपेपर्यंत. मग ती तिथेच वाळूत बसली आणि मारामुळे उलटे झालेले केस हाताने सरळ करू लागली. आपण काय करतो आहोत ते तिच्या लक्षात आलं नसावं. जैनबने तिला उठवायला हात पुढे केला आणि अर्ध्यावर मागे घेतला.

सात वर्षांची शहनाझ मात्र खूश होती. शाळेत तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की तिच्या अब्बांनी नुसत्या हातांनी बिबट्या मारला. “अम्मी, कॅन आय टेक इट टू स्कूल?”

“गप बस,” जैनब म्हणाली.

तेवढ्यात नूरुद्दीन दुकान बंद करून जेवायला आला. कातडं बघून तो दचकला, पण हे काय आहे असं त्याने विचारलं नाही. सरळ खैरुद्दीनकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, “हे का आणलंस? मी लिहिलं होतं ना तुला?”

खैरुद्दीनने मान खाली घातली. जैनब चार हातांवर होती. काय लिहिलं होतं, हे तिने त्या वेळी विचारलं नाही. कातडं नको म्हणून लिहिलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण मग नूरभाईंना कातड्याची माहिती आधीपासून होती आणि घरात कधी शब्द कसा निघाला नाही? ती ताटं मांडत राहिली आणि एक ताट जास्त मांडलं गेलं.

गुरुवारी सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मैमुनाबींच्या हुकुमावरून कातडं तिथेच उन्हात टाकलं होतं. खाली खाडीत अब्रे, माणसं पार नेणाऱ्या होड्या, चालल्या होत्या, पलीकडे बर दुबईच्या भिंती उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली आणि खैरुद्दीन वर आला. कठड्याजवळ, तिच्यापासून लांब, उभा राहिला.

“भाभी,” तो म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदा त्याने तिला काहीतरी म्हणून हाक मारली होती. “उद्याच्या आधी तुम्हाला एक सांगायचं आहे. नूरभाई नको म्हणतात. पण सांगितल्याशिवाय मी निकाहाला बसू शकत नाही.”

जैनबच्या हातात शहनाझचा ओला फ्रॉक होता. तिला वाटलं, याची तिकडे बायको आहे. काळी असेल, मुलंही असतील. एवढंच असेल तर बरं, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

“सांग,” ती म्हणाली. तोंडातून ‘तू’च निघालं.

तो सांगू लागला. अमेरिकन पाहुणा होता, जाडजूड, घाईचा. झाडाला हरीण टांगून तीन संध्याकाळ ते बिबट्याची वाट बघत बसले होते. चौथ्या संध्याकाळी, उजेड जाता जाता, बिबट्या आला आणि पाहुण्याने गोळी झाडली. ती पाठीत बसली. बिबट्या खाली पडला, उठला आणि उंच गवतात शिरला. जखमी जनावर रानात सोडायचं नाही, हा तिथला कायदा. सकाळी कंपनीचा गोरा शिकारी, साहेब, त्याला शोधायला निघाला. त्याचा नेहमीचा माणूस तापाने फणफणला होता.

“साहेबाने विचारलं, बंदूक कोण चालवू शकतो? भाई म्हणाला, मी. गावाला भेकरं मारायचा ना तो. आणि म्हणाला, माझा भाऊपण चालवतो. मला चालवता येत नव्हती, भाभी. म्हणजे येत होती, पण तेवढी नाही.”

“मग नाही का म्हटलं नाहीस?”

“भाई म्हणाला होता ना,” खैरुद्दीन म्हणाला, जणू एवढं उत्तर पुरेसं होतं. आणि जैनबला ते पुरेसं वाटलं, कारण याकूबपुढे तिलाही कधी नाही म्हणता आलं नव्हतं.

गवत डोक्याएवढं होतं. साहेब मधे, याकूब डावीकडे, खैरुद्दीन याकूबच्या मागे पंधरा पावलांवर. बिबट्या गुरगुरला नाही. गवत हललंसुद्धा नाही. एकदम तो याकूबच्या छातीवर होता आणि याकूब खाली.

“किती वेळ गेला ते मला माहीत नाही. साहेब पलीकडे होता, त्याला गोळी झाडता येईना, मधे गवत होतं. मी धावत गेलो. पाच हातांवरून बार काढला. बिबट्या त्याच्या अंगावरच पडला, मेला.”

“मग?”

“मग भाईला लॉरीत घातलं. दवाखाना पाच तासांवर. अर्ध्या वाटेत गेला.” त्याने कठड्याची माती नखाने उकरली. “भाभी, छऱ्याची बंदूक होती. एका काडतुसात नऊ छर्रे असतात, हरभऱ्यापेक्षा मोठे. कातडं मी स्वतः सोललं. त्यात माझ्या बाराची सात भोकं आहेत.”

जैनबला आधी कळलंच नाही. ती कातड्याकडे बघत राहिली. मग ती वाकली, गुडघ्यांवर बसली आणि खांद्याजवळच्या ठिपक्यांमधून बोट फिरवू लागली. काळे ठिपके आणि काळी भोकं सारखीच दिसत होती. बोटाने चाचपल्याशिवाय फरक कळत नव्हता. एक. दोन. तिसरं भोक की ठिपका? तिने पुन्हा सुरुवात केली. सात झाली. मग तिने परत मोजलं आणि सहाच झाली.

“दोन गवतात गेले असतील,” ती म्हणाली.

“असतील.”

“डॉक्टर काय म्हणाला?”

“त्याने बघितलंच नाही नीट. मेलेल्या माणसाचं काय बघायचं. डोकं, मान सगळं फाटलं होतं. साहेबाने कागदावर लिहिलं, बिबट्याने मारलं. मला म्हणाला, तू चांगला बार काढलास, विसरून जा.” त्याने कातड्याकडे बघितलं. “बिबट्याने मारलं की मी मारलं, मला माहीत नाही. तीन वर्षं मी शोधतोय. कधी वाटतं नक्की बिबट्या. कधी वाटतं नक्की मी.”

जैनब उठली. तिला त्याचा राग यायला हवा होता. ती रागाची वाट बघत उभी राहिली आणि तो आला तेव्हा भलत्याच माणसावर आला.

“नूरभाईंना माहीत होतं?”

“पहिल्याच पत्रात सगळं लिहिलं होतं मी.”

दुपारी नूरुद्दीन जेवायला बसला तेव्हा तिने त्याच्यापुढे भात वाढला आणि डाव हातात धरूनच विचारलं, “नूरभाई, खैरूचं पहिलं पत्र कुठे आहे?”

नूरुद्दीनने घास खाली ठेवला. मैमुनाबी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्याने दाराकडे बघितलं. “कशाला पाहिजे?”

“वाचायला.”

“पत्र? एक पत्र तर माझ्याकडे आहे,” रशीदा मधेच म्हणाली. “बांगड्यांच्या डब्यात. तुम्हीच ठेवायला दिलं होतं. दुकानाचा महत्त्वाचा कागद म्हणून.” तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाज बदलला. “ते हे पत्र? मला वाचता येत नाही म्हणून माझ्याकडे ठेवलंत?”

“हळू बोल.”

“तीन वर्षं मी ते घेऊन बसले आणि हिच्यासमोर रोज डबा उघडला.”

नूरुद्दीन पन्नाशीचा माणूस. देऱ्याच्या बाजारात अरब व्यापारी त्याच्या शब्दावर माल सोडायचे. आता तो ताटाकडे बघत बोलला. “मी काय करायला पाहिजे होतं, तूच सांग. अम्माला जाऊन सांगू की तुझा एक मुलगा गेला आणि बहुतेक दुसऱ्याने मारला? एका दिवसात दोघेही काढून घेऊ तिचे? बिबट्या जनावर आहे. त्याच्यावर टाकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. मी टाकलं.”

“आणि माझं लग्न लावून देत होतात.”

“पोरगा चांगला आहे, जैनब. तुझ्यापेक्षा जास्त तोच जळलाय.”

“ते मला ठरवू द्यायचं होतं.”

“ठरव मग,” तो म्हणाला. “पण अम्माला कळता कामा नये. बाकी तुझी मर्जी. खलास.”

तो हात धुवायला उठला. रशीदाने त्याला हातावर पाणी घातलं नाही. लोटा जमिनीवर ठेवून ती जैनबच्या शेजारी येऊन बसली. आजवर प्रत्येक गोष्टीत नवऱ्याची बाजू घेणारी ती बाई त्याच्याकडे वळूनही बघत नव्हती. मग म्हणाली, “मला काही समजत नाही. तू नाही म्हणालीस तर मी तुझ्याबरोबर. हो म्हणालीस तरी तुझ्याबरोबर. पण तू काय म्हणणार आहेस?”

“मला माहीत नाही,” जैनब म्हणाली. ती खरंच सांगत होती. खैरूच्या हाताने याकूब गेला असेल, असं मनात आणलं की तिला तो हात दिसायचा. मग तोच हात गवतात धावत जाणारा दिसायचा, आणि त्याला बंदूक चालवता येत नव्हती हे आठवायचं. मग याकूबचाच राग यायचा. ‘माझा भाऊपण चालवतो’, कशाला म्हणायचं?

शुक्रवारी उम्म अल कुवैनहून जैनबचे मामा जहूर आले. सुकी मासळी वाहणाऱ्या जीपमधून वाळू तुडवत आले होते आणि कपड्यांना तो वास होता. निकाहात तिचे वकील तेच. नमाजनंतर बाहेरच्या खोलीत काझीसाहेब आणि जमातीची पंधरा-वीस माणसं बसली. अंगणातल्या चुलीवर बिर्याणीची डेग उतरली. जहूरमामा दोन साक्षीदारांना घेऊन बायकांच्या खोलीच्या दारात आले. जैनब हिरव्या साडीत बसली होती, एका बाजूला मैमुनाबी, दुसऱ्या बाजूला रशीदा.

“जैनब बाय,” मामा घसा साफ करून म्हणाले, “खैरुद्दीन याच्याशी, ठरल्या मेहरवर, तुझा निकाह लावून द्यायला मी तुझा वकील. तुला कबूल आहे?”

मामांनी पुन्हा विचारलं. मुली लाजतात, थोडा वेळ घेतात, म्हणून साक्षीदार समजुतीने जमिनीकडे बघत होते. मैमुनाबींनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या हाताच्या वजनाने जैनबला कळलं की ती या बाईशेजारी बसून हे लपवून ‘हो’ म्हणू शकणार नाही, आणि कारण न सांगता ‘नाही’ही म्हणू शकणार नाही.

“मामू, साक्षीदारांना बाहेर बसवा,” ती म्हणाली. “आणि त्याला आत बोलवा.”

“कुणाला?”

“खैरूला. त्याने आधी अम्मांना सांगायचं. मग मला विचारा.”

नूरुद्दीन धावत आला. “जैनब, मी काय बोललो होतो?”

“तुम्ही बोललात ते मी ऐकलं, नूरभाई. रोज ऐकते.”

खैरुद्दीन नव्या सदऱ्यात आत आला आणि आईसमोर जमिनीवर बसला. त्याने गच्चीवर सांगितलं होतं तेच सांगितलं, त्याच क्रमाने. हरीण, पाठीतली गोळी, गवत, पाच हात. नऊ आणि सात त्याने बोटांनी दाखवले. मैमुनाबी त्याच्या तोंडाकडे न बघता त्या बोटांकडे बघत होत्या.

“बार काढलास तेव्हा याकूब जिवंत होता?”

“हो.”

“काही बोलत होता?”

खैरुद्दीनने बोटं मिटली. हे त्याने जैनबला सांगितलं नव्हतं. “कधी वाटतं, ‘खैरू, मार’ म्हणाला. कधी वाटतं, तो काही म्हणालाच नाही, मीच नंतर मनात घातलं. मला आता खरं सांगता येत नाही, अम्मा.”

“म्हणाला असेल,” मैमुनाबी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “नसेलही.”

त्यांनी हात पुढे करून त्याचा खांदा धरला. जवळ ओढतील असं वाटलं, पण त्यांनी त्याला तसाच हातभर लांब धरून ठेवलं, ना जवळ घेतलं ना सोडलं. दंड भरून आला तेव्हा हात आपोआप खाली आला. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. “मला आज कुणी काही विचारू नका,” त्या म्हणाल्या.

दारात जहूरमामा अजून उभेच होते. टोपी काढून त्यांनी घाम पुसला. “बाय, काझीसाहेब खोळंबलेत. मी काय सांगू?”

“मी नाही म्हटलेलं नाही, असं सांगा. हो पण म्हटलेलं नाही.”

“असं काझीला सांगता येत नाही गं. निकाहात हो असतं नाहीतर नाही असतं.”

“मग आज नाही, सांगा.”

मामा गेले. बाहेर आवाज खाली गेले, मग हळूहळू वर आले. नूरुद्दीनने माणसांना काय सांगितलं कोण जाणे, पण जरा वेळाने ताटांचा आवाज सुरू झाला. शिजवलेलं अन्न वाया घालवून चालणार नव्हतं. लग्न न झालेल्या लग्नाची बिर्याणी पाहुण्यांनी खाल्ली आणि मीठ बरोबर आहे असंही कुणीतरी म्हणालं.

खैरुद्दीन उठला. “गलबत रविवारी बसऱ्याला निघतंय,” तो म्हणाला. “नाखवा मला घेईल. मी जातो.”

“जायचं नाही,” जैनब म्हणाली.

“राहू तरी काय म्हणून? तुमचा कोण म्हणून राहू?”

दीर म्हणावं तर निकाह मोडल्यासारखं होत होतं, दुसरं काही म्हणावं तर जीभ वळत नव्हती. ती नीट विचार करून, एकेक शब्द काढत बोलली. “अम्मा आज विचारणार नाहीत. उद्या विचारतील. परवा परत तेच विचारतील. शहनाझला तिच्या बापाचं खरं एक दिवस सांगावं लागेल. मी तर अजून निम्मंसुद्धा विचारलेलं नाही. आपल्यातला तिथे तू एकटाच होतास. तू गेलास तर आम्ही विचारायचं कुणाला, त्या कातड्याला?”

तो उभाच राहिला. रशीदाने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर जेवणारी माणसं उठून हात धुवायला लागली होती. भिंतीकडे तोंड केलेल्या मैमुनाबी एकदम, रोजच्या साध्या आवाजात, म्हणाल्या, “तो जेवला का गं?”

कोणत्या मुलाबद्दल विचारत होत्या ते कुणालाच कळलं नाही. रशीदाने जैनबकडे बघितलं. खैरुद्दीनने आईच्या पाठीकडे बघितलं. जैनब उठली, हिरव्या साडीचा पदर खोचून अंगणात गेली, डेगेच्या तळाशी उरलेला भात ताटात काढला आणि आणून खैरुद्दीनच्या पुढ्यात ठेवला.